मदिन्याहून आलेला सलीमभाई

प्रिय सलीमभाई,

काल तुझा चाळिसावा झाला, तुले जाऊन चाळीस दिवस झाले. तुझ्या घरून आलो, पण जीव थाऱ्यावर नाही. स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या एकाच शिफ्टमध्ये आपण म्हातारे झालो, अन् एक गोष्ट तुले सांगायची राहूनच गेली. म्हणून लिहून राहिलो.

मक्का-मदिन्याच्या यात्रेले, उमऱ्याले जायच्या आधीचा तू मले आठवते. द्यायचा खूप, पण काय तोऱ्यात! ब्लँकेट वाटताना समोरच्याले दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडायचा नाही.

रमजानात मदिन्याहून आला तो वेगळाच माणूस. तुझ्या वैशाली नगरच्या घरी मले खजूर देत म्हणाला, "वसंता, तिथं रोजा सोडायच्या वक्ताले लोक माझी बाही ओढत होते. म्हणे, आमच्या दस्तरखानावर जेवायले बसा, मेहरबानी करा! मी दुसरीकडं बसलो तर एक म्हातारा रडायले आला. अरे, देणाराच हात जोडून राहिला होता!"

मी मनात हसलो. टूरवाल्यांसंग पंधरा दिवस फिरून माणूस बदलते का कुठं?

मग तू दवाखान्याच्या गेटवर खिचडीचा मोठा गंज घेऊन उभा राहायले लागला. मी चारचौघांत म्हटलं, "हाजीसाहेब म्हणवून घ्यायची हौस, दुसरं काय!" ते तुझ्या कानावर गेलं होतं ना? मग काहून भांडला नाही बे?

अन् माझ्या घरवालीचं, सुमनचं ऑपरेशन निघालं. दोन दिवस मी त्याच दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर उपाशी. तुले पाहून लाजेनं तोंड फिरवलं. तू ताट घेऊन आला अन् सरळ माझ्या पायाशी फरशीवर बसला.

"खाऊन घे, भाऊ. मेरे पे एहसान होगा."

अरे बाप्पा! थट्टा मी केलेली, अन् उपकारही माझेच? देवळं खूप केली मी, पण असं अंग कधी शहारलं नव्हतं. रडत रडत जेवलो. सुमन बरी होऊन घरी आली, पण तुझी माफी काही मागितली नाही. आज मागतो.

काल भाभी पडद्याआडून सांगत होत्या, तुझ्यामागं घरात बसायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली की मुलासोबत उमऱ्याले जातो म्हणून. चिंता एकच, आता खिचडी कोण वाटीन?

"भाभी, तुम्ही बेफिकीर जा," मी म्हटलं.

सुमन शिजवीन, गेटवर मी राहीन. कोणाले नावगाव विचारणार नाही. अन् जो जेवून जाईन, त्याचे आभार मीच मानीन, सलीमभाई. वचन देतो.

तुझाच,
वसंता