टोळीच्या तेलाचा साबण आणि कामिनीचा वाटा

मी, जागेश्वर भैयाजी गभणे, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा राइस मिलमध्ये मजुरी, हल्लीचा धंदा घरी साबण करणे, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवे अंग नाही. मागच्या पोळ्यानंतर लकवा मारला, तेव्हापासून उजवा हात-पाय माझे ऐकत नाहीत, म्हणून अक्षर दस्तलेखक परसरामजींचे आहे आणि बोलणे माझे. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेले नाही. सून कामिनी या वेळी घरी नाही. तिला मुद्दाम तेल आणायला पाठवले आहे, कारण पुढचे तिच्यासमोर माझ्याने बोलवले नसते.

१. तुमसर येथील दोन खोल्या, पडवी व मागचे अंगण असे घर मी स्वतःच्या कमाईने बांधले. ते मी कामिनीला पूर्ण मालकीने देत आहे. कामिनी ही माझा धाकटा मुलगा मनिष याची पत्नी. मनिष तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. परसरामजींच्या कच्च्या मसुद्यात "सदर सुनेने पुनर्विवाह न केल्यास" असे शब्द होते. असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणतात. ते शब्द मी खोडायला लावले असून तिथे माझा अंगठा घेतला आहे. मी घर देतो आहे, गळ्यात दावे बांधत नाही.

२. वडिलोपार्जित शेत, म्हणजे धानाची बांधी, आणि बँकेत जे काही उरेल ते थोरला मुलगा विनोद, राहणार नागपूर, याने घ्यावे. विनोद पोरगा वाईट नाही, फक्त दूर आहे. त्याची बायको रुचिका हिने मी लकव्याआधीच्या दिवाळीला पाठवलेल्या साबणाच्या वड्यांनी पायपुसणी धुतली, हे मला कळले आहे. पायपुसणी चांगली निघाली असतील. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती इथे नको.

३. साबणाचे सर्व सामान, म्हणजे घोटायचे स्टीलचे दोन गंज, वजनकाटा, सागवानी साचा आणि कापायची तार, कामिनीचे. मिलमध्ये कोंड्याची धूळ अंगावर बसून मला अशी खाज सुटायची की रात्री बायको, कैलासवासी सुंदरबाई, पाठीवर हात फिरवत बसायची. दुकानातल्या साबणाने आग व्हायची. सुंदरबाईचे माहेर नाकाडोंगरीचे. तिने तिकडून मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल आणले आणि त्या तेलाचा साबण करायला मी शिकलो. खाज गेली. सुंदरबाईने पाठीवर हात फिरवायचे मात्र सोडले नाही.

कृती कामिनीला येते, तरी लिहून ठेवतो. टोळीचे तेल सातशे ग्रॅम, कोंड्याचे दोनशे, खोबरेल शंभर. त्याला कास्टिक एकशे तीस ग्रॅम, काट्यावर तोलून, अंदाजाने नाही. पाणी तीनशे. हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर, कास्टिक थोडे थोडे पाण्यात टाकावे. कास्टिकवर पाणी कधी ओतू नये, उसळून तोंडावर येते. निवले की धार धरून तेलात सोडावे आणि पिठल्याइतके दाट होईपर्यंत घोटावे. साच्यात ओतून गोणपाटाने झाकावे, दुसऱ्या दिवशी कापावे, आणि महिना-दीड महिना वाऱ्यावर सुकू द्यावे. वडीला ओले बोट लावून ते जिभेच्या टोकाला लावून पाहावे. चावले तर साबण अजून कच्चा आहे. घाई करू नये.

शेजारी चंद्रकुमार याला यातल्या कशालाही हात लावू देऊ नये. मी नको नको म्हणत असताना त्याने जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात कास्टिक कालवले. पातेले काळे पडले, फसफसून सगळे ओट्यावर आले, आणि याने वॉर्डभर सांगितले की जागेश्वरचा साबण भांडी खातो. त्याला मी माफ केलेले नाही.

४. आता सांगतो त्याची मला लाज वाटते. कामिनी लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. मी पडवीत असलो की ती मागच्या दाराने जायची. मीही घरात शिरताना आधी खाकरायचो. ती सून आता मला न्हाणीत स्टुलावर बसवते, धोतर सोडते आणि अंगाला साबण लावते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामाजी, डोळे मिटून घ्या, फेस जाईन." माझे डोळे अगोदरच मिटलेले होते. मी रडतो आहे हे तिने ओळखले असावे, कारण तिने लगेच डोक्यावर पाणी ओतले. मग म्हणाली, "लाज कायले वाटते? माह्या बाबाचं असतं तर केलं नसतं का मी?"

पण खरी लाज त्या आंघोळीची नाही. विनोदने फोन करून सांगितले होते, "बाबा, मी पैसे देतो, एक माणूस ठेवून घ्या." मीच म्हटले, "माणूस कायले पायजे? कामिनी आहे ना." माणूस ठेवला तर कामिनी मोकळी होईल, हे मला तेव्हाच कळत होते.

५. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत कामिनीचे वडील भैय्यालालजी शहापूरहून आले. पडवीत बसून म्हणाले, "व्याहीबुवा, लाखनीचं स्थळ आलं आहे. त्याची पहिली बायको वारली. मास्तर आहे, सुभावाचा चांगला आहे. पोरगी तिच्या मायपाशी बोलली का माणूस पसंत आहे, पन मामाजीले कोन पाहीन? तुमचा मान आहे. तुमी हो म्हनल्याबिगर मी पाटाची, दुसऱ्या लग्नाची, गोष्ट पुढं नेत नाही." मी म्हटले, "विचार करून सांगतो." त्यानंतर त्यांचे कितीदा फोन आले. दर वेळी मी डोळे मिटून पडतो आणि कामिनी आपल्याच बापाला सांगते, "मामाजी झोपले." सकाळी न्हाणीतल्या बादलीचा आवाज आला की मला हायसे वाटते, की आज तरी आहे. असा मी माणूस आहे. हे कोणाला तोंडाने सांगण्यापेक्षा मृत्युपत्रात लिहिणे सोपे वाटले.

६. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच लागू करावे. परसरामजी म्हणतात, "जागेश्वरभाऊ, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. असं लिहिता येत नाही." मी म्हटले, "मेल्यावर हो म्हनून तिले काय फायदा? लिहा." तर, विनोदने माणूस पाठवावा. माणसाचे हात खरखरीत असले तरी चालतील. भैय्यालालजींना माझा होकार आहे. सुंदरबाईच्या मंगळसूत्रातली डोरल्याची जोडी पाटाच्या दिवशी कामिनीला द्यावी.

होकार देतानाही पोटात वाटते आहे की कामिनीच नाही म्हणेल. तसे वाटते याचीही लाज वाटते. ती माझ्यासाठी म्हणून नाही म्हणाली, तर त्या दिवसापासून मी तिच्या हातची आंघोळ घेणार नाही. अंगाला वास आला तरी चालेल.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. बोललो तसाच आहे, एक शब्दही गोड केलेला नाही.

ठिकाण : तुमसर
दिनांक : ९ जानेवारी २०२५

जागेश्वर भैयाजी गभणे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. इश्वर सदाशिव चोपकर, मिलमधील सोबती (सही)
२. अंकुश रामाजी बांडेबुचे, किराणा दुकानदार (सही)

दस्तलेखकाची नोंद : अंगठा घेण्याआधी जागेश्वरभाऊंनी मला शहापूरला फोन लावायला सांगितले. भैय्यालालजींशी ते स्वतः बोलले. कलम सहामधील होकार त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिला आणि दोन्ही साक्षीदारांनी तो ऐकला.
— परसराम लांजेवार