चार सेंटिमीटर जास्त लांब बेल्टबाबत

प्रति,
श्री. अवधूत टिळेकर,
व्यवस्थापक, यंत्रसामग्री विभाग,
मुख्य कार्यालय, दोहा

विषय : समैस्मा यार्डातील चिपर मशीन आज दुपारी तीनच्या आत बंद करून योग्य मापाचा ड्राइव्ह बेल्ट मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने स्वतः भरलेला मागणी फॉर्म, दि. ११ जून २०१९.

माननीय टिळेकरसाहेब यांस सविनय सादर,

१. अर्जदार ऑस्वल्ड तुस्कानो, मूळ राहणार वसई, कंपनीत नऊ वर्षे मेकॅनिक आहे. वर्ल्डकपच्या पार्कांसाठी येणाऱ्या झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा भुगा करणारे चिपर त्याच्या ताब्यात आहे. अर्ज मराठीत लिहिण्याचे कारण इतकेच, की इंग्रजी अर्ज आधी साइट सुपरवायझर वाचतो आणि मग तो पुढे सरकत नाही.

२. जूनमध्ये इंजिनावरून ड्रम फिरवणारा जुना बेल्ट फाटला. त्यावरचा नंबर पुसून गेला होता आणि मॅन्युअल दोहाच्या ऑफिसात. म्हणून अर्जदाराने जुना बेल्ट टेपने मोजला आणि तेच माप फॉर्मवर लिहिले. दोन उन्हाळे ताणलेला बेल्ट वाढलेला असणार, हे कुणालाही कळते. अर्जदाराला त्या दिवशी कळले नाही. विमानाने आलेला महागडा बेल्ट चार सेंटिमीटर जास्त लांब निघाला.

३. परतीच्या फॉर्मवर तीन रकाने आहेत : माल खराब, वाहतुकीत नुकसान, पुरवठादाराची चूक. मागणाराच चुकला, असा रकाना नाही. अर्जदार तो फॉर्म खिशात घेऊन दोन दिवस फिरला. खोटी खूण करवेना, आणि खरे सांगायला तोंड उघडेना. शेवटी त्याने इंजिनखाली लाकडाची पाचर ठोकून बेल्ट ताणला. पाचरीमुळे बेल्टवरची संरक्षक जाळी बसेना, तेव्हा तीही काढून ठेवली. हे सर्व त्याने एकट्याने केले. मशीन चालवणाऱ्या नसरुद्दीनचा त्यात काडीचाही दोष नाही.

४. पाचर हलली की बेल्ट पुलीवरून उतरतो. इंजिन बंद केले तरी आतला पात्यांचा ड्रम आणि त्याची पुली काही मिनिटे फिरतच राहतात, आणि तेवढे थांबू द्यायला सुपरवायझर तयार नसतो. आज सकाळी सव्वादहाला बेल्ट हाताने चढवताना नसरुद्दीनचा हातमोजा पुलीत गेला. मोजा सैल होता म्हणून हात बाहेर आला. "कुछ नहीं हुआ उस्ताद, यल्ला, चालू करो," असे तो हसत म्हणाला. साहेब, त्या मोज्याच्या चिंध्या झाल्या आहेत हो!

५. अर्जदाराने तेव्हाच सुपरवायझरपाशी चूक कबूल केली आणि मशीन थांबवा म्हणून विनवले. एवढा महाग बेल्ट काय कपाटात ठेवायला आणला, असे उत्तर मिळाले. उद्या मोठ्या साहेबांची पाहणी आहे आणि खजुराच्या झावळ्यांचा ढीग कुंपणाच्या वर गेला आहे. उपाय म्हणून नसरुद्दीनला दुपारपासून बेल्टपाशीच उभे केले जाणार आहे. त्याचा हात चपळ आहे, हे कारण. रजिस्टरात त्याचा हुद्दाही 'बेल्टवाला' असा लिहिला गेला. म्हणजे ज्या जागी हात जाता जाता वाचला, तिथेच हात घालण्याची आता नेमणूक! भाषा चढली असल्यास क्षमा असावी, पण अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही.

६. सध्या उन्हाची सुट्टी चालू आहे; तीनला मशीन पुन्हा सुरू होईल. आपला फोन दोनदा लावला, आपण मीटिंगमध्ये आहात असे कळले. तरी मशीन थांबवण्याचा लेखी हुकूम द्यावा, मॅन्युअलमधील नंबरावरून बेल्ट मागवावा आणि चौकशी फक्त अर्जदाराची व्हावी. त्याला घरी पाठवले तरी तक्रार नाही. वसईला बायकोला काय सांगायचे ते तो बघून घेईल.

हा अर्ज पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर आपल्या हाती देईल. सोबतची वस्तू अर्जदाराने कोणालाही न विचारता काढून घेतली आहे.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा,
ऑस्वल्ड तुस्कानो
समैस्मा यार्ड, दि. १६ जुलै २०१९, दुपारी १२.४०

सोबत : चिपरची चावी, नग एक. यार्डात दुसरी चावी नाही.