दोनशे वॅट आणि तुमची जुनी बॅटरी

बाबा, आज पुन्हा एका गिऱ्हाइकावर ओरडले मी. गाडीच्या डिकीत गाण्यांसाठी हा एवढा मोठा स्पीकरचा डबा बसवून आला होता, हजार वॅटचा म्हणे, आणि तक्रार काय, तर गाण्याचा ठोका पडला की हेडलाइट मिचमिचतात. "मोठी बॅटरी बसवून द्या न मॅडम." सगळ्यांचं औषध तेच, मोठी बॅटरी! मी म्हटलं, आधी वायर दाखवा. वायर पाहिली तर टेबलफॅनला शोभेल अशी. टाकी केवढीही बांधा हो, नळ करंगळीएवढा ठेवला तर पाणी कुठून येणार? मी जरा जास्तच बोलले. तो तोंड पाडून गेला आणि मग मला राग आला, पण त्याचा नाही, तुमचा. इतक्या वर्षांनीही येतो. वायर, बॅटरी आणि आवाज हे तीन शब्द एकत्र आले की मी तिथंच जाऊन पोचते, त्या जयंतीच्या मिरवणुकीत.

इंदोऱ्यातलं आपलं दुकान म्हणजे बॅटऱ्या चार्ज करायची एक रॅक, एक बाक आणि ॲसिडनं भोकं पडलेले तुमचे शर्ट. वस्तीच्या मिरवणुकीतली भोंग्याची जीप दरवर्षी तुमच्याकडे असायची. त्याचा एक पैसा तुम्ही कधी घेतला नाही. हे माझं काम आहे, म्हणायचे. छोटा ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, आणि आई पुढच्या सीटवर माइक धरून गाणी म्हणायची. तुम्ही जीपच्या बाजूनं चालायचे, एक हात बॉनेटवर ठेवून. मला तेव्हाच शिकवलं होतं तुम्ही: "मिरवणुकीत गाडी चालत नाही वं, सरकते. इंजिन हळू असलं की डायनामो काही भरत नाही. मंग सारा भार बॅटरीवर येते." हे वाक्य मी आजही गिऱ्हाइकांना ऐकवते, आणि माझंच असल्यासारखं ऐकवते.

मग त्या वर्षी मंडळानं दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर आणला. चार भोंगे! मी तेवीस वर्षांची, कॉलेज अर्धं सोडून दुकानात बसलेली. मंडळातले लोक मला बघून तुम्हाला विचारायचे, "पोरीले जमते काय?" तुम्ही म्हणालात, "या वर्षी वायरिंग तिच्याच हातची." त्यावर माझं किती अडलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. ते काम नीट झालं असतं तर दुकानात मला कोणी पुन्हा तसं विचारलं नसतं. पुठ्ठ्यावर हिशोब करून मी सांगितलं, पूर्ण आवाजात तीसेक अँपियर ओढेल, वेल्डिंगची जाड केबल हवी, बॅटरीजवळ फ्यूज हवा आणि बॅटऱ्या दोन हव्यात, दोन्ही नव्या, सारख्या. केबल तुम्ही मान्य केली, फ्यूज मान्य केला. बॅटरी मात्र एक नवी आणलीत, आणि दुसरी रॅकवरची जुनी!

त्या रात्री आईनं भाकरी टाकली आहे, वांग्याची भाजी ताटात आहे आणि मी तुमच्यासमोर उभी राहून भांडते आहे. "बाबा, जुनी लावली त ते नवीलेही खाते. एकमेकीलेच भरत बसतीन दोघी."

"अजून सहा मयने चालते ते. फेकून देऊ काय? तू मले शिकवून राहिली? तुहा जनम व्हायच्या आंधीपासून बॅटऱ्या भरून राहिलो मी."

"भरून राहिले, पण मीटर लावून पाहिलं काय?"

"जेवू दे न वं त्यायले," आई म्हणाली. "घास त उतरू दे." तुम्ही पाण्याचा गडू उचलला आणि विषय संपला. असाच संपायचा आपल्याकडे विषय.

मिरवणूक निघाली तेव्हा आवाज असा होता की लोक छतांवर आले. तासभर झकास चाललं. मग आईनं वरचा सूर लावला की भोंगे खरखरायला लागले. पुढं शब्द तुटायला लागले, आणि चौकात, ऐन गर्दीत, सगळं बंद. आई माइक ठोकते आहे, ड्रायव्हर इंजिन रेस करतो आहे, मागची पथकं येऊन अडकली आहेत. "काका, झेपत नव्हतं त घेतलं काहून?" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "पोरीच्या हाती दिलं न, मंग काय होईन?" माझे कान तापले. तुम्ही बॉनेट उघडलं, जुन्या बॅटरीवर हात ठेवला, ती गरम होती. आणि मग त्या सगळ्यांसमोर, घाम पुसत, तुम्ही म्हणालात, "पोरीची वायरिंग चोख हाय. ते नाही म्हणून राहिली होती, तरी जुनी बॅटरी म्या टाकली. गलती माही हाय."

झालं. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मीटर माझ्या हाती दिलं, "आता तू म्हणशीन तसं." वस्तीत सगळे म्हणायला लागले, पोरगी बरोबर होती, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. पुढच्या वर्षी मंडळ विचारायला आलं तर तुम्हीच म्हणालात, आता माझ्याच्यानं होत नाही, दुसरा पाहा. आणि त्यानंतर दरवर्षी मिरवणुकीत तुम्ही अगदी शेवटी चालायचे, पाठीमागे हात बांधून, जिथं भोंग्याचा आवाज धड येत नसे. अशी सहा वर्षं चाललात, आणि मग गेलात. आयुष्यात एकदा चूक कबूल केली ती अशी, की पुन्हा जीपला हातच लावला नाही. कशासाठी हो? एवढा हट्टी माणूस, माझ्याशी भांडताना कधी माघार घेतली नाही, आणि त्या गर्दीपुढं लगेच मान टाकली! बॅटरी गरम लागली म्हणून झाली ती गुन्हेगार? तुम्हीच ना मला शिकवलं, हातानं ताप कळतो, दोष कळत नाही? मग मीटर का नाही लावलं? एकदा, फक्त एकदा मोजलं असतं! या एका गोष्टीवरून मी तुमच्यावर आजवर चिडत आले, आणि चिडत राहिले की दुसरं काही आठवावं लागत नाही.

आठवतं ते सांगते. केबल एकाच बाजूला, बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जायला, पुरली होती. विजेला परतीची वाट मी जीपच्या लोखंडी बॉडीतूनच दिली, मागच्या बाजूला एक बोल्ट आवळून. अशा बोल्टखालचा पत्रा खरवडून चकचकीत करायचा असतो, रंग मधे राहिला तर वीज तिथंच अडते आणि बोल्ट तापतो, हे मला झोपेतही माहीत होतं. पण पोरांनी आदल्याच दिवशी जीप निळी रंगवली होती, स्वतःच्या हातांनी, रंगाचे दोन थर देऊन. जयंतीच्या त्या निळ्यावर पॉलिशपेपर फिरवायला माझा हात धजला नाही. बोल्ट रंगावरच आवळला, जोर लावून. चौकात तुम्ही बॉनेटमध्ये वाकलेले असताना मी मागं त्याला बोट लावलं, तर फोड आला. तो फोड मी पदराखाली झाकला.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मी तेवढा रंग खरवडला आणि सगळं परत जोडलं. तीच केबल, त्याच दोन बॅटऱ्या, तुमची जुनीसुद्धा, पुन्हा भरलेल्या. इंजिन मिरवणुकीसारखंच हळू ठेवलं. पूर्ण आवाजात दोन तास चाललं, बाबा, एकदाही तुटलं नाही. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलात, तेव्हा मी ते बंद केलं.