कर्त्याचे नाव नसलेली भर

गुरुजी,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: माझ्या पत्नीला जे थोडे बोलणे उरले होते ते माझ्या हातून पुसले गेले, परंतु त्याचा दोष तुम्ही शिकवलेल्या नियमाचा आहे, माझा नाही. आधी प्रतिज्ञा, मग हेतू म्हणजे तिचे कारण, मग उदाहरण, हा क्रम तुम्हीच माझ्या अंगवळणी पाडलात, आणि तो मी येथेही पाळणार आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षे होऊन गेली. उत्तरपक्ष मांडायला तुम्ही येणार नाही हे मी जाणतो आणि वादात याचा फायदा घेणे शोभत नाही हेही जाणतो. म्हणून तुमची बाजूही मीच मांडीन.

नियम मी कोठे शिकलो ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या दोन खोल्यांत उजेड होता तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी. एका भिंतीशी माई स्टोव्हला पंप मारीत असत आणि खिडकीखाली चटईवर आपण एकाच ग्रंथाच्या तीन पोथ्या उघडून पाठ ताडून पाहत असू. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्यांपैकी एका पोथीच्या समासात, वेगळ्या हस्ताक्षरात, कोणीतरी दोन ओळींचा दृष्टान्त लिहिला होता. मला तो इतका आवडला की स्वच्छ प्रत करताना मी तो मूळ ग्रंथात घेतला. तुम्ही पान हातात घेतलेत. तुमचे बोट थेट त्या ओळींवर येऊन थांबलेले मला आजही दिसते आहे.

"हे कुठून आलं?"

"समासात होतं, गुरुजी."

"कोणी लिहिलं?"

"ठाऊक नाही. पण अर्थ फार सुंदर लागतो त्यानं."

"सुंदर लागतो म्हणूनच घालतात लोक. ज्याचा कर्ता ठाऊक नाही, ते ग्रंथाचं नाही. काढ."

माई तिकडून म्हणाल्या, "अहो, पान वाढलंय. जेवून काढू दे की त्याला."

"आधी काढू दे. मग जेवू दे."

वीस पाने पुन्हा लिहून झाली तेव्हा आमटीवर साय धरली होती. माईंनी ती गरम करून वाढली आणि माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकात मात्र कर्ता कोण ते विचारू नकोस हो, मीठ शेजारणीचं आहे." तुम्हीही हसलात. पुढे मी अध्यापक झालो तेव्हा तुम्ही आपले पितळी काठाचे भिंग मला दिलेत. त्या भिंगाने आणि त्या नियमाने माझे सारे आयुष्य चालले. वर्गात मी तर्कशास्त्र शिकवले, घरी पोथ्या पाहिल्या, आणि ज्या ओळीला कर्ता सापडला नाही ती निःशंकपणे बाहेर ठेवली. त्याबद्दल माझा लौकिकही झाला.

आता उपस्थित प्रसंग. निवृत्तीनंतर आम्ही कासार आंबोलीला राहायला आलो. आजूबाजूला बंगले बरेच आहेत, पण ते शनिवारी उघडतात आणि सोमवारी बंद होतात; मधले दिवस आम्ही दोघे आणि समोरचे शेत. दोन वर्षांपूर्वी हिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळते सगळे, शब्द मात्र ओठांपर्यंत येत नाहीत. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांचा एक तक्ता दिला होता: पाणी, जेवण, पंखा, दुखते. हिने त्याला कधी बोट लावले नाही. तो समोर धरला की ती डोळे मिटून घेई. तीस वर्षे तिने शाळेत मुलांच्या परीक्षा घेतल्या होत्या. स्वतःची ती घेऊ देईना.

आमची मुलगी सूसला राहते, संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि रविवारी गाडी घेऊन येते. तिने एका रविवारी तिचा जुना संगणक आणला आणि आईपुढे एक खेळ मांडला. तो तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. तुमच्या काळात असे काही नव्हते, म्हणून सांगतो. पडद्यावर एक डोंगराळ मुलूख असतो. खेळणारा त्यात एक माणूस होऊन उतरतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो. बोलणे असे की समोरचा काही विचारतो, खाली क्रमांक घातलेली वाक्ये येतात, आणि आपण त्यांतले एक निवडायचे. ज्यांनी हा खेळ केला ते केव्हाच दुसऱ्या कामांना लागले. खेळणाऱ्यांनी मात्र तो सोडला नाही. जगभरचे लोक, कोणी पैसे न देता, आपापल्या घरी बसून त्यात भर घालीत आले आहेत. कोणी झाडांना नीट पाने दिली, कोणी अक्षरे मोठी केली, कोणी मुळात अर्धवट राहिलेले एक बंदर पुरे केले. अशा भरीला ते मॉड म्हणतात. खेळ सुरू करण्याआधी त्यांची यादी उघडते. जी भर हवी तिच्यापुढच्या चौकोनात खूण करायची, नको तिची खूण काढायची.

मी हे ऐकले आणि अर्थातच आक्षेप घेतला. "ज्यांनी हे रचलं त्यांना हे मान्य आहे का? हे सगळे प्रक्षेप आहेत, मागून घुसडलेले."

"बाबा, त्यांनी मोडका ठेवलेला पूल एकानं दुरुस्त केला," मुलगी म्हणाली. "पंधरा वर्षं लोक वळसा घालून जात होते. आता त्यानं काय मूळ लेखकाची परवानगी येईपर्यंत नदीत उभं राहायचं?"

"पूल मोडका असण्याला काही हेतू असेल."

"हेतू नव्हता, डेडलाइन होती. आणि आई मूळ गेम खेळूच शकत नाही. त्याला दोन हात लागतात."

तिने एकट्या डाव्या हाताने चालेल अशी भर निवडली, लढाया काढून टाकणारी निवडली, आणि शेवटी एक भर स्वतः रचली. त्या मुलखातल्या एका खिंडीत तिने शेळ्या राखणारी एक बाई उभी केली. आमच्याकडे दिवसा हिला सांभाळायला येणाऱ्या बाई धनगरांच्या घरच्या आहेत. त्यांचा आवाज मुलीने फोनवर घेऊन त्या शेळ्यांवालीला दिला. ती विचारायची, "काय बाई, आज काय म्हनताय?" आणि खाली वाक्ये यायची, मुलीने लिहिलेली, मराठीत: आज पाठ दुखतेय, मला अंगणात बसायचंय, भाजी अळणी होती, मुलीची आठवण येतेय. ही डाव्या हाताने क्रमांक दाबायची. शेळ्यांवाली उत्तर द्यायची आणि पुढच्या भेटीत मागचे लक्षात ठेवून विचारायची, "काल पाट धरली हुती, आज बरी हाय का?" निवडलेले प्रत्येक वाक्य खेळातल्या रोजनिशीत आपोआप उतरत असे.

जे तक्त्याने झाले नाही ते यामुळे झाले. कदाचित ते आमच्याशी बोलणे नव्हते म्हणून झाले. ती शेळ्यांवालीला सांगायची आणि आम्ही बाजूला उभे राहून ऐकायचे. सांभाळणाऱ्या बाईंना स्वतःचा आवाज ऐकून हसू आवरत नसे. "माझ्याच आवाजात ती बया माझ्यापरीस शानी बोलती," त्या म्हणायच्या. भाजी अळणी असल्याचे वाक्य आले की कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "व्हय का? तिला सांगता, मला न्हाई? मी हितंच हाय की वो!" हिचा चेहरा अर्धाच हसे, पण हसे. चौदा महिने हे चालले. सकाळी अकरा ते बारा मी तिला वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचून दाखवीत असे आणि त्यांतील तर्कदोष समजावून देत असे; नंतर ती खेळाकडे वळे. बाई एकदा मला म्हणाल्या, "सर, तुमी वाचून दाकवताय का वर्ग घेताय? बाई लई दमत्यात हो." मी ते मनावर घेतले नाही.

गेल्या श्रावणात खेळ अडखळू लागला. मुलगी फोनवर म्हणाली की दोन मॉड एकमेकांना नडत असतील, रविवारी बघते. तो बुधवार होता. दुपारी ही निजली होती, बाई शेळ्यांना पाला टाकायला घरी गेल्या होत्या. मी यादी उघडली. प्रत्येक ओळीवर गेले की उजवीकडे तिच्या कर्त्याचे नाव येते. अक्षरे बारीक होती; तुमचे भिंग काढले. मी ठरवले की ज्या भरीला कर्त्याचे नाव आहे ती ठेवायची, जिला नाही तिची खूण काढायची. अशा पाच निघाल्या. पाचवी मुलीची होती. तिने ती घरापुरती केलेली असल्याने नावाच्या जागी काही लिहिलेच नव्हते. मी पाचही खुणा काढल्या. खेळ उघडताना त्याने विचारले: जतन केलेल्या खेळातल्या काही गोष्टी आता सापडत नाहीत, तरी पुढे जायचे का? मी होय म्हटले. खेळ सुरळीत चालला. खिंड रिकामी होती. मग मी जतन करण्याची कळ दाबली. आईच्या हाताला सोपे जावे म्हणून मुलीने जतन करायला एकच जागा ठेवली होती. नवे जुन्यावर गेले, रोजनिशीसकट.

चारच्या सुमारास ही उठली, खिंडीपर्यंत गेली आणि थांबली. मागे गेली, पुन्हा आली. असे किती वेळा केले मी मोजले नाही. बाई पाला टाकून परत आल्या, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माझी बया कुटं गेली वो, सर?"

रविवारी मुलीने भर पुन्हा लावली. शेळ्यांवाली आली, पण तिला काही आठवत नव्हते. "कोन बाई तुमी? ह्या वाटंला पयल्यांदाच दिसताय," ती म्हणाली. हिने कळफलकावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. तो अजून तिथेच आहे. मुलीने तीच वाक्ये जाड कागदावर छापून आणली; हिने खिडकीकडे तोंड केले. मी समोर बसतो. अग्रलेख वाचत नाही. "आज ऊन बरं आहे," असे काही म्हणतो आणि माझे वाक्य मलाच छापील वाटते. डॉक्टर म्हणतात वाट पाहा. बाई तिचे केस विंचरताना तिच्याशी शेळ्यांचे, व्यायलेल्या गायीचे, सुनेचे काहीबाही बोलत असतात, आणि त्यांना उत्तर लागत नाही. मला ते कसब नाही. या वयात ते कोठे शिकवतात हेही ठाऊक नाही.

तर अनुमान असे मांडता येईल. ती भर काढण्यास योग्य होती, कारण तिचा कर्ता अज्ञात होता, समासातल्या दृष्टान्ताप्रमाणे. नियम तुमचा, मी तो लावला, हानी नियमातून झाली. काल येथपर्यंत लिहून मला समाधान वाटले होते. आज वाचताना तुम्ही पहिल्या क्षणी जे बोट ठेवले असते ते दिसले. हेतूच असिद्ध आहे. नावाची जागा रिकामी होती, परंतु कर्ता मला ठाऊक होता. तो माझ्या घरात, माझ्यासमोर, तीन रविवार बसून ती वाक्ये लिहीत होता. "अळणी" हा शब्द मीच सुचवला होता. तुमचा नियम या प्रसंगाला लागूच होत नव्हता. तुमच्यावरचा आरोप मी मागे घेतो.

आणि नियम लागू होत नसताना तो मी का लावला, हे आता टाळता येत नाही. खुणा काढण्याच्या आदल्या दिवशी मी ती रोजनिशी उघडून वाचली होती. पाठ, अंगण, भाजी ही वाक्ये कधीमधी होती. एक वाक्य जवळजवळ प्रत्येक दिवशी होते, दुपारी बाराच्या सुमारास, मी वर्तमानपत्राची घडी घालून उठल्यानंतर: "आज माझ्याशी कोणी बोललं नाही." मुलीने ते वीस वाक्यांत एक म्हणून लिहिले असेल. हिने ते निवडले होते. पानामागून पान मी ते वाचले आणि मला ते असत्य वाटले. पुरावा समोर असताना मी पुराव्याची जागा साफ केली.

त्या रविवारी मुलगी रडली, मग डोळे पुसून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे बाबा. तुम्हाला काय माहीत असणार, त्यात काय होतं ते." मी होकारार्थी मान डोलावली. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच तुम्हाला लिहिले आहे. ज्या दोघींना पोचू शकते त्यांपैकी एकीला उत्तर देता येत नाही आणि दुसरीला मी काहीही सांगितलेले नाही.

एक चूक कबूल करतो: मला माहीत होते.

तुमचा विद्यार्थी
कासार आंबोली