‘राणी’ नावाच्या मासळीच्या मृत्यूबाबत ओटा क्र. ११ चा खुलासा

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
मासळी विक्री परवाना कक्ष,
परळ विभाग, मुंबई.

विषय: मी न मारलेल्या मासळीपायी स्थगित झालेला परवाना परत मिळणेबाबत व माफीनामा न देण्याबाबत.

संदर्भ: आपली नोटीस दि. ११ जुलै २०२४ व तिच्यासोबतचे छायाचित्र.

महोदय,

अर्जदार मी, श्रीमती जाईबाई दामोदर नाखवा, वय ६३, राहणार वरळी कोळीवाडा. परळच्या मंडईतील ओटा क्र. ११ वर अडतीस वर्षे मासळी विकते. त्याआधी तिथे माझी सासू बसत असे. दि. २२ जुलैपर्यंत मी ‘निळी भरती’ या हौशी गळकरी क्लबची लेखी माफी मागितली नाही, तर माझा परवाना कायमचा रद्द होईल असे आपण कळवले आहे. मी माफी मागणार नाही. कारणे अशी:

१. सदर क्लबचे सभासद मासा गळाने पकडतात, मोजतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. याला ते संवर्धन म्हणतात. पावसाळी बंदीमुळे आमच्या होड्या जूनपासून किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आहेत, कारण या दिवसांत मासळीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी असतात. क्लबची स्पर्धा मात्र याच दिवसांत भरते. आम्ही मारत नाही, फक्त पकडतो, सबब बंदी आम्हांला लागू नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते आपण मान्य कसे केलेत, हे मला अद्याप समजलेले नाही.

२. ‘राणी’ ही जिताडा जातीची मोठी मासळी. हे बारसे क्लबनेच केले. तिच्या पाठीत १७ नंबरचा पिवळा बिल्ला टोचलेला होता. गेल्या ऑक्टोबरात तिला पकडले, मार्चमध्ये पुन्हा पकडले आणि रविवार दि. ७ जुलै रोजी तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तिला नवा गळ मिळाला आणि पकडणाऱ्याला प्रशस्तिपत्र.

३. त्या सकाळी ओहोटीला मी खडकावर कालवे काढत होते. माझ्यापासून वीस पावलांवर क्लबचे अध्यक्ष श्री. हितेंद्र सबनीस यांनी तिला जबड्याला चिमटा लावून उभी टांगली. चौघांनी आळीपाळीने कुशीत घेऊन फोटो काढले. कोरड्या हातमोज्यांनी तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला. हा थर गेला की मासळी टिकत नाही, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक असते. तिच्या पोटातून गाभोळीचे दाणे खडकावर ओघळत होते. मी ओरडले. काय ओरडले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही, असे माझी सून रुपाली, जी हा अर्ज टाइप करत आहे, तिचे मत आहे. श्री. सबनीस हसून म्हणाले, “आज्जी, टेन्शन नका घेऊ, आम्ही रिलीज करतोय.” मी त्यांची आज्जी नाही.

४. त्यांनी तिला पाण्यात टाकले, टाळ्या वाजवल्या आणि ते नाश्त्याला गेले. ती मात्र कुठेच गेली नाही. उताणी होऊन खडकाच्या खाचेत आपटू लागली.

५. आता आपल्या छायाचित्राविषयी. क्लबचे एक सभासद श्री. ध्रुव यांनी दुरून काढलेल्या या फोटोत मी कंबरभर पाण्यात उभी असून माझ्या दोन्ही हातांत राणी आहे. बंदीच्या काळात मासळी पकडल्याचा हाच पुरावा, असे आपण लिहिता. आपले निरीक्षक ओट्यावर आले, फोटो दाखवून म्हणाले, “हात तुमचेच ना?” मी हो म्हटले. एवढ्यावर चौकशी आटोपली. पुढचे मी तेव्हा बोलले नाही, कारण शेजारच्या ओट्यावरची बकुळा कान देऊन ऐकत होती आणि ते कळले असते तर अख्ख्या मंडईने मला चार दिवस जगू दिले नसते. आता लिहिते.

६. मी तिला पकडत नव्हते. मी तिला सोडत होते. एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी, तोंड येणाऱ्या लाटेकडे. असे धरले की कल्ल्यांतून पाणी जाते आणि मासळी सावरते. माझे कै. यजमान या दिवसांत गळाला लागलेली गाभोळीवाली मासळी अशीच सोडून येत आणि घरी सांगत नसत, कारण मी भांडत असे. भरती लागेपर्यंत मी तशीच उभी होते. दोनदा तिने शेपूट हलवली. मला वाटले, गेली आता. मग ती माझ्या हातांतच थंड झाली. अडतीस वर्षे मासळी कापणारी बाई त्या पाण्यात उभी राहून रडली, हेही आपल्या फाइलीत असू द्यावे.

७. मेलेली मासळी आम्ही फेकत नाही. मी ती घरी नेऊन कापली आणि गल्लीतल्या तीन घरांत वाटली. विकली नाही. तिच्या आतड्यात एक गंजलेला गळ व घशात एक नवा गळ मिळाला. दोन्ही सोबत जोडले आहेत. ते माझे नाहीत. मी कोयता वापरते.

८. बुधवारी क्लबने राणीची शोकसभा घेतली. पांढरे कपडे घालून मेणबत्त्या लावल्या आणि माझा फोटो मोठा करून त्याखाली ‘मारेकरी’ असे लिहिले. सभेनंतर जेवण होते. क्लबचा स्वयंपाकी एरवी पापलेट माझ्याकडून नेतो. त्या दिवशी माझा ओटा आपल्या निरीक्षकांनी बंद ठेवायला लावल्यामुळे बकुळाकडून नेले. बकुळा मला म्हणाली, “जायबाय, तुजे मासलीचं बारावं हाय काय गो?” यावर काय उत्तर द्यायचे, ते आपणांस सुचल्यास कळवावे.

९. तरी माझा ओटा मला परत द्यावा. माफीच हवी असेल तर श्री. सबनीस यांनी मागावी. माझ्याकडे नव्हे, येत्या ओहोटीला त्याच खडकावर जाऊन, आणि फोटोवाल्याला न नेता.

सुनेच्या आग्रहास्तव नम्र,

(सही)
जाईबाई दामोदर नाखवा
ओटा क्र. ११
दि. १५ जुलै २०२४

सोबत:
१) पिवळा बिल्ला क्र. १७.
२) गळ, नग दोन, मिठाच्या बरणीत.
३) मासळी मिळालेल्या तीन घरांच्या सह्या.
४) गाभोळी जोडलेली नाही. ती कोणी खाल्लीही नाही. त्याच संध्याकाळी मी ती खडकापाशी जाऊन पाण्यात सोडली. त्यातून आता काही जन्मायचे नाही, हे मला ठाऊक आहे. याचा फोटो काढलेला नाही.