फ्रेंच डॉक्टरचे कांदे

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

"अक्षर नाही गं, माणूस वाचायचा," असं बाबा दवाखान्याच्या खिडकीतून म्हणाले होते. मी तेव्हा दहा वर्षांची, ते कंपाउंडर. डॉक्टरांचं अक्षर खुद्द डॉक्टरांनाही लागायचं नाही, बाबांना लागायचं.

आज चहाच्या वेळी त्यांना माझ्या फ्रेंच डॉक्टरच्या हातचं एक पान दाखवलं. एकोणिसाव्या शतकातला हा माणूस पेशंट सोडून वैद्यकाचा इतिहास लिहीत बसला, आणि मी त्याचं चरित्र लिहीत बसलेय. त्याने वाचलेल्या ग्रीक ग्रंथांची ती यादी, उजवीकडे खंडांचे आकडे. माझं चौथं प्रकरण त्यावरच उभं आहे.

बाबांना फ्रेंचचा गंध नाही. चष्मा वर सरकवून म्हणाले, "ग्रंथ कसले? एकेक वस्तू आणली की खूण केलीय बघ. शेवटची राहिलीय. बाजाराची यादी आहे ही."

मला हसू आलं. मग भिंगातून पुन्हा पाहिलं. पहिलाच शब्द कांदे. तीन कांदे! त्या तीन खंडांवर मी अकरा पानं लिहिलीत.

बाबा मात्र काय खुशीत! हल्ली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या छापील येतात, त्यांना कोण विचारतं? जाऊ दे, प्रकरण पुन्हा लिहीन.

पण आता चपला घालतायत, खाली कट्ट्यावर निघालेत. तीस वर्षं पेशंटची गुपितं पोटात ठेवली त्यांनी, पण मी कुठे पेशंट? ऐकणार नाहीतच. तरी दारात गाठून सांगते: बाबा, कांद्यांचं तेवढं कुणाला सांगू नका ना.