काच घासून पडदा जात नाही

ता. ३ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी कुरकुरतेय, म्हणजे तब्येत उत्तम आहे. एक गंमत सांगतो. परवापासून उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचतात, कडेला वीज चमकल्यासारखं होतं आणि आज खालून काळा पडदा वर सरकतोय. दुखत मात्र काहीच नाही. चष्म्याची काच खराब निघाली असणार. सगळं आयुष्य चष्मे करण्यात गेलं, काचेचा दोष मला नाही कळणार तर कुणाला! दोनदा घासली, आता नवी बसवतोय. डॉक्टरकडे चला म्हणून वहिनी डोकं खातेय. तिला काय कळतं!

उत्तर पाठव, म्हणजे विसरली नाहीस हे समजेल.

तुझा दादा

ता. ५ जुलै

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

कपाळ माझं! दोष काचेचा असेल तर चष्मा काढल्यावर पडदा जायला हवा ना? काढून पाहिलास का एकदा तरी? फोन केला तर गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवून दिलास. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा सुटत असणार, ताबडतोब हलवा, दुखत नाही म्हणूनच माणसं फसतात. ही काय पत्रात कळवायची गोष्ट होती? हा कागद घेऊन ह्यांनाच गाडीने पाठवतेय. हातातलं काम टाक आणि निमूटपणे गाडीत बस.

भयंकर रागावलेय, पण माया त्याहून जास्त आहे हे ओळख.

तुझी धाकटी

ता. २४ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांच्या हुकमाने मी पालथा पडून सांगतोय, वहिनी लिहितेय आणि मधेमधे टोमणे मारतेय. ऑपरेशन झालं. पडदा चिकटला, पण मधला भाग आधीच सुटला होता. वहिनी म्हणाली तेव्हाच आलो असतो तर नजर बहुतेक पूर्ण वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसणार. स्वतःचा इतका संताप येतो की उशी फाडावीशी वाटते.

घरात आणखी कुणाला चष्म्याचा मोठा नंबर आहे का, असं त्यांनी विचारलं; अशांचा पडदा सुटायचा धोका जास्त म्हणे. तुझाही माझ्याएवढाच आहे. आणि आत्ता वहिनी सांगतेय, काल फोनवर तू म्हणालीस की तुलाही चार दिवस कडेला चमकतंय, पण दादाचं निस्तरलं की सवडीने दाखवीन. सवडीने? अगं, मला शिकवणारी तू!

या ओळीपासूनचं वाकडं अक्षर माझं. वहिनी चप्पल घालून दारात उभी आहे, हा कागद घेऊन तुझ्याकडे यायला. लोभ वगैरे नंतर. आधी ऊठ, तिच्याबरोबर नीघ.

दादा